ओवाळणीचं कार्ड

९ सप्टेंबर
सकाळी दिनेशचा फोन. दिनेश परतवाड्याचा फोटोग्राफर, माझं अर्ध्याहून जास्त काम त्याचं. तो लग्नं शूट करतो, हार्डडिस्क मी शिवलेल्या कापडी पिशवीत घालून अमरावतीच्या जीपवाल्याजवळ देतो. मी ती उचलते आणि घरी बसून मिक्सिंग करते, म्हणजे शूटचे तुकडे जोडून लग्नाचा सिनेमा बनवते. कित्येक सीझन हेच चाललंय.
आज म्हणाला, "ताई, या सीझनले लोकाईले सकाळचं लग्न सायंकाळी पाह्यजे. रिसेप्शनमध्ये, मोठ्या पडद्यावर. जमन काय?"
जमेल म्हटलं. फोन ठेवला, माझ्या मशीनकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे पाहिलं. जमणार नाही.
सिनेमा किती लवकर निघतो ते ग्राफिक्स कार्डावर, आणि माझं कार्ड दोन पिढ्या मागचं. उन्हाळ्यात आमच्या घरातला कूलर माणसांकडे नाही, कॅबिनेटकडे तोंड करून असतो. ह्यांचं दरवर्षी ठरलेलं वाक्य: "मी बी गरम होऊन पाहू काय? मंग तरी हवा भेटन."
कार्डांची नवी सिरीज आली आहे. घ्यावी का? पितृपक्षात नवं काही घेत नाहीत, म्हणजे डोकं खायला पंधरवडा मोकळा.

१२ सप्टेंबर
व्हिडिओ पाहून पाहून डोकं गच्च. एक पोरगा म्हणतो, नवी सिरीज म्हणजे जुनीच वाफवून दिली. दुसरा म्हणतो, एडिटिंगवाल्यांनी डोळे मिटून घ्या. सगळे गेम खेळून दाखवतात. वरातीचं चार कॅमेऱ्यांचं शूट एकदम टाकलं तर काय होतं, ते कोणी सांगत नाही.
नवी घेऊ, आधीची सिरीज स्वस्तात घेऊ, की आहे तेच ओढू?
ह्यांना विचारलं. शेवंती निवडत होते. चांदूर बाजारला ह्यांच्या घरचा फुलांचा मळा, इथे अमरावतीत दुकान, म्हणजे आम्ही दोघंही लग्नांवरच जगतो. म्हणाले, "फुलाचं बरं आहे. शिळं झालं का वासच सांगते. तुया डब्याचं कसं कळावं?"

१५ सप्टेंबर
शेवटी दादालाच फोन. कधीतरी करणारच होते.
बाबा गेले तेव्हा मी बारावीला. दादाने अकोल्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, मागच्या खोलीत मिक्सिंग. मी कॉलेजातून आले की तिथंच. पहिला कट, पहिलं डिझॉल्व्ह, गाण्याच्या ठेक्यावर अक्षता कशा पाडायच्या, सगळं त्याने शिकवलं. लग्नानंतर माझी पहिली मशीन त्यानेच जोडून स्वतः आणून दिली.
म्हणाला, "वंदे, पहिल्या लॉटचं कधी घ्याचं नसते. कंपनी आपल्यावर शिकते. थांब जराशी. भाव बी उतरतीन."
"आणि सीझन?"
"तुळशीच्या लग्नाले लय टाइम आहे. मी हाओ ना."
मी हाओ ना. एवढं म्हणाला की पुढचं विचारायचं मला सुचतच नाही. लहानपणापासून.

२४ सप्टेंबर
नवरात्र. हे पहाटेपासून अंबादेवीजवळ हारांच्या मागे. घरात झेंडूचा वास आणि माझ्या मनात एकच गोष्ट.
राहवलं नाही, राजकमल चौकाजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. नवं कार्ड हातात घेऊन पाहिलं. जड आहे. कॅबिनेटात मावेल का ते पट्टीने मोजावं लागेल, पॉवर सप्लायही बदलावा लागेल. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकच पीस आहे. दसऱ्यापर्यंत ठेवतो तुमच्यासाठी."
पैसे आहेत. माझे आहेत. दसऱ्याला घ्यायचं असं जवळजवळ ठरलं.
तरी एकदा दादाला विचारते.

२५ सप्टेंबर
दादा चिडला. "तुले पैसे उतू जाऊन राह्यले काय? सांगतलं ना थांब." मग लगेच मऊ झाला. "भाऊबीजेले मी काय द्याचं ते मायं ठरलं आहे. तू मधात घेऊन ठेवशीन त मायी मजाच जाईन."
म्हणजे? म्हणजे तो देणार!
ह्यांना सांगितलं. हे नुसते हसले. "भाऊ असावा त असा," म्हणाले. पण त्यांचं हसू आणि वाक्य एका गावची नव्हती. की मलाच वाटलं.

१ ऑक्टोबर, खांडेनवमी
मशीनची पूजा. ह्यांनी फुलांच्या कात्र्या, सुया, वजनकाटा मांडला, मी माझं कॅबिनेट उघडून शेजारी ठेवलं. कोरडं कुंकू पंख्यात उडतं आणि आत जाऊन बसतं, म्हणून मी खोबरेल तेलात कालवून लावते. पक्कं बसतं. माझ्या कार्डाला एक ठिपका.
दादाने त्याचं मोठं कार्ड घेतलं होतं त्या दसऱ्याची आठवण झाली. ही नवी सिरीज यायच्या आधीची जी सिरीज, ती तेव्हा ताजी होती. मला मुद्दाम अकोल्याला बोलावलं होतं. "बहिणीचा हात लागला का मशीन दगा देत नाही," म्हणाला. मी कार्ड उलटं करून पंख्यांच्या मधल्या पट्टीवर तीन ठिपके लावले होते. एक दादा, एक आई, एक मी. बाबा गेल्यावर आम्ही तिघंच होतो ना. वहिनी तेव्हा गमतीने रुसली होती, मला नाही काय एक, म्हणून.

३ ऑक्टोबर
दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. म्हणाला, "पाहा बापा." त्याच्या आवाजात माझी कीव होती की काय.

१५ ऑक्टोबर
दिनेशने पहिली तारीख पक्की केली. १८ नोव्हेंबर, परतवाडा. सकाळी लग्न, संध्याकाळी त्याच हॉलमध्ये रिसेप्शन, एलईडीवर सिनेमा. मी मशीन घेऊन तिकडेच जायचं. हे जमलं तर पूर्ण सीझन माझा, नाही जमलं तर तो दुसरं कोणी पाहील. त्याने असं तोंडाने म्हटलं नाही, पण मला कळतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दादा आणि आई अकोल्याहून सकाळच्या गाडीने आले. वहिनी तिच्या माहेरी.
ओवाळलं. ताटात खोका ठेवला, चमकत्या कागदात. मला रडूच आलं. मीच स्वतःला वेडी म्हटलं.
"नव्या सिरीजचं नाही आनलं," दादा म्हणाला. "आधीच्याच सिरीजचं, पन नवं कोरं. सिनेमाले तेच दमदार. सील मी फोडलं, दुकानात टेस्ट करून आनलं. तुले तरास नाही."
मी बाहेर काढून पाहणार, तर त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच बसवायला बसला.
आई म्हणाली, "एकदा उलटून-पालटून पाहून त घे व वंदे."
दादा म्हणाला, "ओवाळणी कोनी उलटून पाह्यते काय?"
खरंच आहे. बाबा सांगायचे, ओवाळणीचा रुपया वाजवून पाहू नये. आमच्याकडे कोणी पाहत नाही. ताटात पडलं ते कपाळाला लावायचं आणि ठेवायचं. मी तसंच केलं, नमस्कार केला आणि पाटोडीचा रस्सा गरम करायला गेले. बाहेर आले तोवर कार्ड बसलेलं, झाकण लागलेलं, जुनं कार्ड टेबलावर.
आई जेवली नाही नीट. प्रवासाने असेल.

२६ ऑक्टोबर
धावतंय! जुन्या कार्डावर जेवून, भांडी घासून येईपर्यंत जे व्हायचं, ते चहा होईपर्यंत होतं. दादाला फोन करून सांगितलं. "मंग!" म्हणाला.
जरा तापतं. पंख्याचा आवाजही येतो. नव्याला असेल.

५ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं आटोपली. हे एक दिवस आराम करून लगेच कामाला लागले. आता खरी धांदल.
चांदूर बाजारचाही एक फोटोग्राफर मला काम देतो; त्याची अजून एकही हार्डडिस्क नाही. दरवर्षी पहिली त्याचीच येते. फोन केला तर "काम नाही ताई यंदा." ह्यांचं घरच तिकडे, हे म्हणतात गावात रोज मांडव पडतोय.
कार्डाच्या आवाजाबद्दल दादाला विचारलं. "अवं, मोठं कार्ड आहे, आवाज करनच. बैल चालला का घुंगरू वाजतेच."

१९ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. आज लिहिते आहे.
परतवाडा. नवरीच्या खोलीशेजारची खोली दिनेशने मिळवून दिली होती. लग्न छान झालं, शूट छान आलं. दुपारी बसले. सुरुवातीला सगळं नीट. मग मंगलाष्टकांच्या जागी पडद्यावर रंगीत चौकोन, हिरवे, गुलाबी. मग काळं. मशीन पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. पंखा समोर ठेवला, झाकण काढलं, जवळच्या दुकानातून बर्फ आणून टॉवेलात बांधून शेजारी ठेवला, काय काय केलं. प्रत्येक वेळी तिथंच, भटजी हात वर करतात आणि चौकोन.
संध्याकाळी एलईडीवर फक्त दोघांची नावं आणि एक गुलाब. नवरीचे वडील दिनेशला बाजूला घेऊन बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नवरीने मला ओळखलं नाही, हसून म्हणाली, "काकू, जेवल्या का?"
परत निघताना दिनेश कॅबिनेट गाडीत ठेवू लागला. मग म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. संजूभाऊ मले दिवाळीच्या पयलेच म्हनले होते, वंदीची मशीन झेपनार नाही, काम मायाकडे पाठव. मीच नाही म्हनलं. म्हनलं ताई करन."
संजूभाऊ म्हणजे दादा.
मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी? कधी?"
"दसऱ्याच्या आसपास असन. काहून?"
काही नाही म्हटलं.

२० नोव्हेंबर
सकाळी कार्ड काढलं. आतापर्यंत स्वतः कधी काढलंच नव्हतं. विचार केला, काढून साफ करू, कदाचित धूळ.
उलटं केलं.
पंख्यांच्या मधल्या पट्टीवर तीन ठिपके. काळपट लाल, तेलाने भिजून घट्ट बसलेले. माझ्या हातचे.
बाकी सगळं चकाचक पुसलेलं. पात्याच्या कडेला कुठं धूळ नाही.
नवं कोरं.

त्या दसऱ्यापासून हे कार्ड त्याने राबवलं. रोज. तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंतची लग्नं ह्याच्यावर रगडली. आता दम संपला तर ताटात टाकलं. माझ्या.

हे आले, मी दाखवलं. किती वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एखांद्या टाइमाले दुकानदारानं त्यालेच फसवलं असन." मी म्हटलं, दुकानदाराने माझं कुंकू लावलं का? मग चहा त्यांनीच केला. त्यात साखर विसरले.

२१ नोव्हेंबर
दुसऱ्याने फसवलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. पोलिसात जाते म्हटलं असतं. इथं काय म्हणू? भाऊबीजेला भावाने फसवलं? कुठं सांगायचं, कोणाला? मैत्रिणींना सांगितलं तर म्हणतील, दिलं तर खरं ना!
जुनं कार्ड पुन्हा बसवलं. ते बिचारं हळूहळू चालतंय.

२३ नोव्हेंबर
दादाचा मिस्ड कॉल. दोन. उचलला नाही.
आज त्याला काय सांगायचं ते सगळं पाठ केलं होतं, भांडी घासताना. इतकं चांगलं बोलले मी, कोणी ऐकायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर
अकोला. कोणाला न सांगता गेले, एसटीने. ह्यांना मूर्तिजापूरहून फोन केला. "जा," म्हणाले. "पन भांडून येशीन त जेवून येजो."
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत सरळ गेले. काचेच्या बाजूंची दोन नवी कॅबिनेटं, आत निळे दिवे. नव्या सिरीजची कार्डं. पहिल्या लॉटची, जी कधी घ्यायची नसतात.
टेबलावर हार्डडिस्क. त्यात एक पिशवी माझी. माझ्या जुन्या जांभळ्या साडीची, मीच शिवलेली, वर मीच मार्करने लिहिलेलं: चांदूर बाजार.
दादा मागून आला. "अवं! सांगाचं नाही काय येनार म्हनून?"
मी पर्समधून कार्ड काढून टेबलावर उलटं ठेवलं. त्याने ठिपके पाहिले. त्याचा चेहरा मी लहानपणापासून पाहते, खोटं पकडलं की डावा कान चोळतो. चोळला.
"चालू होतं ते कार्ड. मी काय तुले दगड देल्ला?"
"नवं कोरं म्हणाला होतास."
"त्यात काय मोठं."
"आणि ही पिशवी?"
"त्यानंच पाठवली. मी काय मागाले गेलो होतो?"
"दिनेशला मागायला गेला होतास. तू मला थांबवत होतास तेव्हाच."
मग एकदम चढला. "मंग काय करू? दुकानात कोनी येत नाही आता. माउस बी लोकं ऑनलाइन मागवतेत. तुयं बरं आहे, तुये हे आहेत, फुलाचं दुकान आहे. तुयं काय, घरबसल्या."
घरबसल्या.
बाकी सगळं सोसलं असतं. कार्डापेक्षा हा शब्द जास्त लागला. घरबसल्या करायला मला कोणी शिकवलं? ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत. मला वाटायचं माझ्या कामाचा अभिमान त्याला माझ्याहून जास्त आहे. सगळ्यांना सांगायचा, मायी बह्यन मायाहून चांगली मिक्सिंग करते. तेव्हाही खोटं बोलत होता की तेव्हा खरं होतं आणि मग बदललं? कधी बदललं? मला कळलं कसं नाही?
दुकानाला लागूनच घर; वहिनी तिथून चहा घेऊन आली आणि दारातूनच परत गेली.
आई घरात पुढच्या खोलीत तूर निवडत होती. मान वर केली नाही. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, खूप वेळ ठेवला.
कार्ड परत पर्समध्ये घातलं. ओवाळणी आहे, त्याच्या तोंडावर फेकता येत नाही. फेकायची इतकी इच्छा झाली होती.
जेवले नाही. बसस्टँडवर आलुबोंडा घेतला, तोही अर्धा.

२९ नोव्हेंबर
दिनेशने उरलेली लग्नं नागपूरच्या कोणाला दिली. दादाला नाही दिली, हे त्याने दोनदा सांगितलं. बरं वाटलं म्हणायला हवं. वाटलं नाही. साधी मिक्सिंगची कामं तुमच्याकडेच राहतील ताई, म्हणाला. राहतील तर राहोत.

४ डिसेंबर
राग असतो तेव्हा बरं असतं. पोळ्या भराभर होतात. राग उतरला की फार वाईट. मग आठवतं, दहावीच्या निकालाला त्याने मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून पूर्ण अकोला फिरवलं होतं. हे आठवायला नको असतं तेव्हाच आठवतं.

१० डिसेंबर
मुहूर्त संपले, शुक्राचा अस्त, आता फेब्रुवारीपर्यंत काही नाही. हे मळ्यावर.
राजकमलजवळच्या दुकानात गेले. तो पीस कधीच गेला. दुसरा आहे, पण भाव चढलेत, आतल्या मेमरी चिपा महागल्या म्हणे, अजून चढतील म्हणे. दुकानदार म्हणाला, "दसऱ्याले घेतलं असतं त मॅडम."
मला माहीत आहे बापा.
घरी येऊन पुन्हा व्हिडिओ पाहिले. तीच पोरं, तेच भांडण. घ्या, नका घेऊ, पुढच्या सिरीजची वाट पाहा. वाट पाहा म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आता राग येतो.

१७ डिसेंबर
घ्यायचं की नाही? फेब्रुवारीत दिनेश पुन्हा विचारेल का? एकदा पडदा रिकामा गेला की गावात किती वर्षं बोलतात?
विचारायला कोणी नाही. फोन हातात घेतला आणि बोट आपोआप दादाच्या नावावर गेलं. सवय किती नालायक असते.
ह्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा. "शेवंती कोनत्या जातीची लावाची ते मी तुले इचारतो काय?" म्हणाले. मला आधी राग आला, मग कळलं.

२४ डिसेंबर
वहिनीचा मेसेज, लांबलचक. त्यांच्यावर दुकानाचं टेन्शन आहे, मन मोठं करा, भावा-बहिणीत असं चालतंच, हात जोडलेल्या चित्रासकट. असं चालतं का? कुठे चालतं? उत्तर दिलं नाही.
मन मोठं करायला मलाच का सांगतात नेहमी?

५ जानेवारी
घेतलं. नवी सिरीज, सोबत पॉवर सप्लाय. कोणाला विचारलं नाही. दुकानदाराला म्हटलं, सील माझ्यासमोर फोडा, उलटं करून दाखवा, चालवून दाखवा. त्याने सगळं केलं, जरा नाराजीने. "येवढं त कोनी पाहत नाही मॅडम," म्हणाला. म्हटलं, मी आता पाहते.
खोका घरी आणून कपाटावर ठेवला. लावलं नाही. का कोण जाणे. संक्रांत होऊ दे.

१४ जानेवारी, संक्रांत
आई एकटी आली. बडनेऱ्याला उतरली, हे घ्यायला गेले. तिळाचे लाडू आणले, वहिनीने दिलेले, आणि दादाने माझ्यासाठी दिलेली साडी. साडी मी हातात घेतली. उलटून पाहिली, पदर, काठ, आतली बाजू. आईच्या समोर. मुद्दाम.


१५ जानेवारी
करीचा दिवस, नवं काही उघडत नाहीत. आईला वर नवा खोका दिसला. "उघडलं नाही काय अजून?"
"आज कर आहे ना."
"आनि ते ओवाळनीचं?"
काढून दिलं. माझ्या एका पिशवीत गुंडाळून ठेवलंय, देता येत नाही आणि टाकता येत नाही. आईने मांडीवर उलटं घेतलं, तीन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली,
"त्यानं सगळं पुसलं होतं. स्पिरिटनं. हे बी पुसून राह्यला होता. मी म्हनलं, येवढं राहू दे. तो म्हनला, राहू दे मंग, मीच बसवून देतो."
मी खाली बसले.
"तुला माहीत होतं?"
"हाओ."
"राहू दे का म्हणालीस?"
"तुया हातचं होतं ते." मग कार्ड माझ्याकडे वळवत, "तुले दिसावं म्हनून बी."
म्हणजे भाऊबीजेला ती मला पाहून घे म्हणाली, ते म्हणूनच. आणि मी नमस्कार करून रस्सा गरम करायला गेले.
"आई, मग तेव्हा सरळ तोंडाने का नाही सांगितलं?"
"मले त्याच्याच घरी राह्यचं आहे ना व," आई म्हणाली.
मला तिचाही राग आला. खूप आला. पूर्ण सीझन गेला, दिनेश गेला, परतवाड्याच्या त्या पोरीच्या रिसेप्शनचा पडदा रिकामा गेला आणि ही ठिपके राखत बसली. पण तिचे हात कार्डावर होते, आणि हात किती बारीक झालेत हे मी आजच पाहिलं. तिला म्हटलं, इथंच राहा. ती म्हणाली, "मुलीच्या घरी किती दिवस?" आणि लाडवाचा डबा झाकायला उठली.

१६ जानेवारी
आज उघडलं. आधी उलटून पाहिलं. स्वच्छ, कोणाच्याच हातचं नाही. मग स्वतः बसवलं, पॉवर सप्लायसकट. कॅबिनेटात बोटभर जागा उरली. स्क्रूड्रायव्हर एकदा सटकला, ह्यांनी दारातून विचारलं, "वाचलं काय?" वाचलं.
चालू केलं. परतवाड्याचं ते लग्न आधी काढलं, जिथं भटजी हात वर करतात तिथून. चौकोन आले नाहीत. अक्षता पडल्या. पहिल्यांदाच पाहिलं मी ते लग्न पूर्ण. नवरी रडताना मध्येच हसते, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आता ही फिल्म दिनेशला पाठवते. घ्यायची असेल तर घेईल.
मग बंद करून कार्ड परत काढलं, कारण आईने न सांगता खोबरेल तेलात कुंकू कालवून वाटी आणून ठेवली होती. खांडेनवमी नाही, काही नाही. नव्या मशीनला लागतंच, म्हणाली.
त्याच वेळी तिचा फोन वाजला. दादा. ती "हाओ, हाओ" करत राहिली, मग फोन माझ्यापुढे धरला. आतून दादाचा आवाज, "वंदी आहे काय?"
मी म्हटलं, माझे हात तेलाचे आहेत.
तेलाचे होतेच.
आईने फोन तसाच धरून ठेवला. नंतर त्याने ठेवला की आईने, ते पाहिलं नाही.
पट्टीवर एक ठिपका लावला. माझा. शेजारी दोन मावतील एवढी जागा राहिली आहे. आई तिथंच बसून पाहते आहे. वाटीतलं कुंकू अजून ओलं आहे.